यूएसबी-मिडी केबल: दिवा लागतो, सूर उमटत नाही, तेव्हा दोष कुठे शोधायचा

एका टोकाला यूएसबी प्लग, दुसऱ्या टोकाला पाच पिनांचे दोन गोल प्लग, मधे एक लहान डबी आणि तिच्यावर दोन-तीन दिवे. जुना कीबोर्ड किंवा सिंथेसायझर मिडीने, म्हणजे कोणती पट्टी कधी दाबली हे संदेशांतून सांगणाऱ्या पद्धतीने, संगणकाला जोडणाऱ्या या केबली कितीतरी नावांनी मिळतात आणि बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसतात. आतून मात्र त्यांच्यात मोठा फरक असतो. मत आधीच सांगून टाकतो: वाजवलेले सूर संगणकात रेकॉर्ड करणं एवढंच काम असेल, तर बिननावाची साधी केबलही बहुतेक वेळा पुरते. कीबोर्डातले आवाज संगणकावर साठवायचे, तिथून परत भरायचे किंवा एडिटर सॉफ्टवेअर वापरायचं असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नका. हे असं का, ते पुढे सविस्तर येईलच. आधी बाकीची कारणं पाहू, कारण केबलीच्या माथी मारले जाणारे बरेच दोष केबलीत नसतातच.

मुळात ही केबल लागते का, हे कीबोर्डाची पाठ पाहून ठरवा. तिथे प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी सॉकेट असेल तर या केबलीची गरजच नाही. प्रिंटरची केबल लावली की काम होतं. या सॉकेटवर बहुधा ‘टू होस्ट’ किंवा ‘कॉम्प्युटर’ असं लिहिलेलं असतं. शेजारी चपटं सॉकेट असेल, तर ते पेन ड्राइव्हसारख्या वस्तूंसाठी आहे. दोन्ही टोकांना चपटे प्लग असलेली केबल घेऊन ते संगणकाला जोडू नका. दोन्हीकडे वीज पुरवणारीच उपकरणं समोरासमोर येतात आणि मिडी तर त्यातून जातच नाही. केबल फक्त चार्जिंगची निघाली तरी हाच अनुभव येतो: तिच्यात विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतात, त्यामुळे संगणकाला काही जोडल्याचा पत्ताही लागत नाही. रोलंड या कंपनीच्या अनेक कीबोर्डांत सिस्टीम मेनूमधे यूएसबी ड्रायव्हरची (उपकरण ओळखायला संगणकाला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची) निवड असते, ‘जेनेरिक’ आणि ‘व्हेंडर’. व्हेंडर निवडलेलं असेल आणि संगणकावर कंपनीचा ड्रायव्हर नसेल, तर कीबोर्ड ओळखला जात नाही. निवड बदलल्यावर कीबोर्ड बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात.

गोल सॉकेटच असतील तर केबल हवी, आणि मग सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दोन प्लगांच्या नावांवरून. काही केबलींवर ‘इन’ लिहिलेला प्लग कीबोर्डाच्या ‘आउट’मधे जातो, कारण तो डबीचा इन असतो. काहींवर ‘इन’ म्हणजे ‘हा कीबोर्डाच्या इनमधे लावा’. कोणती पद्धत वापरली आहे हे खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. डोकं न खाजवता दोन्ही प्लग लावा, एक पट्टी दाबा आणि डबीकडे पाहा. ‘मिडी इन’चा दिवा पट्टीबरोबर लुकलुकला तर बरोबर. नाही लुकलुकला तर दोन प्लगांची अदलाबदल करा. उलट लावल्याने काही जळत नाही. मिडीचं विद्युत मंडल तसं होऊ नये अशाच पद्धतीने आखलेलं आहे. ‘थ्रू’ लिहिलेलं सॉकेट मात्र यात आणू नका. त्यातून कीबोर्डात आलेले संदेश जसेच्या तसे बाहेर पडतात, तुम्ही वाजवलेलं काही पडत नाही.

दिव्याबद्दल एक बारकावा. काही कीबोर्डांवर पट्टी न दाबताही इनचा दिवा सतत लुकलुकतो आणि लोकांना वाटतं केबल बिघडली. तसं नाही. ते कीबोर्ड ‘मी अजून जोडलेला आहे’ असं सांगणारा एक बाइटचा संदेश, अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंग, दर ३०० मिलिसेकंदांच्या आत पाठवत राहतात. असा लुकलुकणारा दिवा दिसला तर कीबोर्ड ते डबी एवढा मार्ग ठीक आहे हे पट्टीला हात न लावताच कळतं.

पाच पिनांपैकी कामाच्या तीनच असतात: ४ आणि ५ वरून संदेश जातो, २ वर आवरणाची जाळी. १ आणि ३ रिकाम्या. कीबोर्ड लांब असेल तर केबल वाढवायला हरकत नाही, प्रमाणानुसार १५ मीटरपर्यंत चालतं. फक्त वाढवलेल्या तुकड्यात ४ आणि ५ सरळ जोडलेल्या हव्यात. लहान कीबोर्डांवर गोल सॉकेटऐवजी हेडफोनसारखं ३.५ मिलिमीटरचं सॉकेट असतं, तिथे अ‍ॅडॉप्टर लागतो आणि तो दोन प्रकारचा मिळतो. ए प्रकारात पिन ५ टोकाशी आणि पिन ४ मधल्या कड्याशी जोडलेली असते, बी प्रकारात उलट. २०१८ मधे ए प्रकार प्रमाण म्हणून ठरला, पण त्याआधीची उपकरणं दोन्ही प्रकारांत आहेत. अ‍ॅडॉप्टर चुकीचा असेल तर सगळं शांत असतं, कसलीही चूक दाखवली जात नाही.

डबीचा दिवा लुकलुकतो आणि संगणकावर काही नाही, तर आता संगणकाकडे वळा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’खाली नवं नाव आलं का पाहा. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडून मिडी स्टुडिओची खिडकी पाहा. तिथे चाचणीची सोयही आहे. आजच्या बहुतेक साध्या केबली ‘क्लास कंप्लायंट’ असतात, म्हणजे यूएसबी मिडीचं जे सामाईक प्रमाण आहे त्याप्रमाणे चालतात आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाहीत. नाव आलं नसेल तर यूएसबी हब काढून केबल थेट संगणकाला लावा. तरीही आलं नाही तर दुसरा पोर्ट, मग दुसरा संगणक. दोन संगणकांवर नाव येत नसेल तर डबी मेलेली समजा आणि परत करा.

नाव येतं, पण थोड्या वेळाने जातं, असंही होतं. विंडोज वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमधे ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमधे पॉवर मॅनेजमेंटची टॅब असते; तिथली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. लॅपटॉपवर हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं.

आता संदेश खरंच पोचतात का ते पाहायचं. मोठं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर त्यासाठी उघडू नका. त्यात पन्नास सेटिंगं असतात आणि दोष नेमका कुठे हे कळत नाही. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर हे छोटे कार्यक्रम पुरतात. मधल्या सीची (मिडल सी) पट्टी दाबली की एक ओळ उमटते. पहिल्या चॅनेलवर (मिडीच्या सोळा वाटांपैकी पहिलीवर) तिच्यात तीन आकडे असतात: १४४, ६० आणि पट्टी किती जोरात दाबली त्याचा १ ते १२७ मधला आकडा. पट्टी सोडली की १२८ ने सुरू होणारी ओळ येते, किंवा पुन्हा १४४, ६० आणि शेवटी शून्य. दोन्हींचा अर्थ सूर थांबव असाच. (हे कार्यक्रम पुष्कळदा षोडशमान आकडे दाखवतात, तेव्हा १४४ च्या जागी ९० आणि ६० च्या जागी ३सी दिसेल.) या ओळी नीट येत असतील तर कीबोर्ड, केबल आणि ड्रायव्हर तिन्ही निदान सुरांपुरते निर्दोष आहेत. यापुढचा शोध फक्त सॉफ्टवेअरमधे घ्यायचा.

आणि तिथली कारणं ठरलेली आहेत. विंडोजच्या जुन्या मिडी पद्धतीत एक पोर्ट एका वेळी एकाच कार्यक्रमाला मिळतो. तपासणीसाठी उघडलेलं मिडी-ऑक्स बंद करायचं राहिलं, की रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ‘पोर्ट उघडता आला नाही’ म्हणतं. ब्राउझरमधे मिडी वापरणारं एखादं पान उघडं असलं तरी तेच. मॅकवर ही अडचण नाही, तिथे एकच पोर्ट अनेक कार्यक्रम वापरू शकतात. विंडोजवर आणखी एक साठलेला कचरा असतो: तीच केबल वेगळ्या यूएसबी पोर्टला लावली की ती नवं उपकरण म्हणून नोंदली जाते आणि जुनी नोंद तशीच राहते. सॉफ्टवेअर जुन्या नोंदीकडे पाहत बसतं. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा, फिकट दिसणारी मिडीची नावं काढून टाका आणि केबल यापुढे एकाच पोर्टला लावत जा.

मग आवाजाचा प्रश्न. मिडीतून आवाज जात नाही, कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली एवढीच माहिती जाते. म्हणून ट्रॅकवर एखादं सॉफ्टवेअर वाद्य हवं, ट्रॅक रेकॉर्डसाठी सज्ज केलेला हवा, मॉनिटरिंग (वाजवताना आवाज ऐकू येण्याची सोय) चालू हवं आणि ट्रॅकचा इनपुट म्हणून हीच केबल किंवा ‘सर्व’ निवडलेलं हवं. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधे प्राधान्यांच्या मिडी विभागात इनपुट आधी सुरू करावा लागतो, एबलटन लाइव्हमधे त्या पोर्टसमोरचं ‘ट्रॅक’ बटण. चॅनेल जुळत नसेल तरी आवाज येत नाही. इनपुट सोळाही चॅनेलसाठी खुला ठेवा.

प्रत्येक सूर दुहेरी, जरासा धातूसारखा ऐकू येत असेल, तर कीबोर्ड स्वतः एकदा वाजवतोय आणि संगणक तोच सूर त्याच्याकडे परत पाठवून दुसऱ्यांदा वाजवून घेतोय. कीबोर्डाच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. त्यामुळे पट्ट्या आणि आतला आवाज यांचा थेट संबंध तुटतो आणि सूर फक्त संगणकामार्फत येतो. मेनू सापडत नसेल तर संगणकावरून कंट्रोलर क्रमांक १२२, किंमत ० पाठवली तरी बहुतेक कीबोर्ड ऐकतात. १२७ पाठवली की पूर्ववत. रेकॉर्डिंग संपल्यावर हे परत चालू करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी कीबोर्ड एकटा लावल्यावर मुका वाटेल.

पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर हीही केबलीबद्दलची नेहमीची तक्रार, आणि ती जवळजवळ नेहमीच चुकीच्या ठिकाणी केलेली असते. गोल पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक बाइट पाठवायला १० बिट लागतात, म्हणजे तीन बाइटांचा एक सूर एक मिलिसेकंदाच्या आत पोचतो. दहा बोटांनी एकदम दाबलेला स्वरमेळही दहा मिलिसेकंदांच्या आत पार पडतो. त्याउलट साउंड कार्डचा बफर, म्हणजे आवाज तात्पुरता साठवायची जागा, १,०२४ सँपलचा (आवाजाच्या नमुन्यांचा) असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला एकट्या त्यातच २३ मिलिसेकंद जातात. तो १२८ वर आणला की ते ३ च्या खाली येतात. विंडोजवर एसिओ (ASIO, कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर वापरा आणि बफर इतपत कमी करा की आवाज तुटायला लागण्याच्या किंचित अलीकडे थांबाल. एवढं करूनही उशीर जाणवला तरच केबलीवर शंका घ्यावी.

इथवर केबलीवर कुठलाच आळ येत नाही. आता ती जिथे खरोखर कमी पडते तिथे येऊ.

मिडीच्या प्रमाणात घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकप्लर लागतो. हा एक छोटा भाग: एका अंगाला प्रकाश देणारा डायोड, दुसऱ्या अंगाला तो प्रकाश ओळखणारा घटक, आणि दोघांत तारेचा संबंध नाही. त्यामुळे कीबोर्ड आणि संगणक यांची विजेची जमीन (ग्राउंड) एकमेकींपासून वेगळी राहते आणि स्पीकरमधे घुरघुर येत नाही. थेट यूएसबीने जोडलेल्या कीबोर्डाचा आवाज त्याच संगणकाच्या साउंड कार्डात घेतला की कधीकधी जी किणकिण ऐकू येते, ती गोल पिनांच्या जोडणीत येत नाही, ती याच भागामुळे. म्हणूनच यूएसबी सॉकेट असलेल्या कीबोर्डालाही अशा वेळी चांगली मिडी केबल लावणं फायद्याचं ठरतं. हा भाग पुरेसा चपळ हवा: संकेताचा चढ आणि उतार २ मायक्रोसेकंदांच्या आत व्हायला हवा. ६एन१३८, पीसी-९०० किंवा एच११एल१ असे क्रमांक डबीतल्या सर्किट बोर्डावर दिसले तर निर्मात्याने काम नीट केलं आहे. स्वस्त केबलींत हा भाग गाळून नुसते रेझिस्टर घातलेले असतात किंवा साध्या कामाचा संथ ऑप्टोकप्लर बसवलेला असतो. परिणाम असा की एका कीबोर्डावर केबल उत्तम चालते आणि दुसऱ्यावर सूर गळतात. गळलेला संदेश ‘सूर थांबव’चा असला तर तो सूर लटकून राहतो. पिच बेंडचं (सूर वर-खाली सरकवणारं) चाक फिरवताना किंवा आफ्टरटच असलेल्या, म्हणजे दाबून धरल्यावरचा जोरही कळवणाऱ्या, पट्ट्या दाबून धरताना संदेशांची दाटी होते, तेव्हा हे जास्त दिसतं. सॉफ्टवेअरातलं ‘पॅनिक’ बटण लटकलेला सूर थांबवतं, पण ती दुरुस्ती नव्हे.

याहून मोठी उणीव सिस्टीम एक्स्क्लुझिव्ह संदेशांत, बोलीभाषेत सिसेक्समधे. सूर तीन बाइटांचा असतो. सिसेक्स कितीही लांब असू शकतो. २४० या आकड्याने तो सुरू होतो, २४७ ने संपतो आणि मधे कंपनीच्या पद्धतीने माहिती असते. कीबोर्डातले आवाज याच मार्गाने ये-जा करतात. यूएसबीवर हा लांब संदेश चार-चार बाइटांच्या तुकड्यांत जातो: पहिला बाइट तुकड्याचा प्रकार सांगतो, पुढचे तीन मूळ माहिती. अनेक स्वस्त केबलींत सीएच३४५ नावाची चिप असते आणि तिची चूक अगदी नेमकी आहे: आत येणाऱ्या सिसेक्सच्या दर दुसऱ्या तुकड्यावर ती प्रकाराचा चुकीचा आकडा लिहिते. संगणकाला वाटतं हा वेगळाच संदेश आहे आणि माहितीत भोकं पडतात. ही चूक इतकी पक्की आहे की लिनक्सच्या कर्नेलमधे (त्या प्रणालीच्या गाभ्यात) २०१५ साली खास या चिपसाठी उपाय घालावा लागला. तिची दुसरी खोडही तिथेच नोंदलेली आहे. ही चिप संगणकाला दोन आउटपुट दाखवते, पण दोन्ही एकाच पिनेवर येतात. दोन्हींवर एकदम पाठवलं की लांब संदेशाच्या मधे दुसरा घुसतो. तुमच्या केबलीला प्लग एकच असून यादीत आउटपुट दोन दिसत असतील, तर ही चिप असण्याचा दाट संभव आहे. पहिलाच वापरा, दुसरा बंद ठेवा.

केबल तपासायची तर ती सिसेक्सवरच तपासावी. कीबोर्डाच्या मेनूतून ‘बल्क डंप’, म्हणजे त्यातले सगळे आवाज एकदम, पाठवा, संगणकावर मिळालेल्या बाइटांची संख्या लिहून ठेवा. तोच डंप पुन्हा पाठवा. दोन्ही वेळी संख्या एकच हवी, सुरुवात २४० आणि शेवट २४७ हवा, आणि दोन्ही फायली अक्षरशः सारख्या हव्यात. यामाहा डीएक्स७ सारख्या वाद्यावर तर उत्तर आधीच ठाऊक असतं: ३२ आवाजांचा डंप बरोबर ४,१०४ बाइटांचा असतो आणि त्याला साधारण १.३ सेकंद लागतात. एक बाइट जरी कमी भरला तरी केबल नापास. मग उलट दिशा: तीच फाइल कीबोर्डात परत भरा, आधी त्याचं मेमरी प्रोटेक्ट (साठवलेलं पुसलं जाऊ नये म्हणून असलेलं कुलूप) काढून. कीबोर्डाने चेकसम (माहिती शाबूत आहे का हे पडताळणारी बेरीज) चुकल्याचं सांगितलं तर पाठवण्याचा वेग कमी करून पाहा. मिडी-ऑक्समधे बफर लहान करता येतो आणि दोन बफरांमधला विराम वाढवता येतो. वेग कमी केल्यावर चाललं तर दोष बहुधा डबीतल्या अपुऱ्या मेमरीचा होता आणि केबल जपून वापरता येते. आत येणारी माहितीच बिघडत असेल, तर वेगाशी खेळून उपयोग नाही.

या कामासाठी रोलंडची यूएम-वन एमके२ आम्ही आधी सुचवू. कारण साधं आहे: तिच्या डबीवर दोन स्थितींचा सरकता स्विच आहे, एक कंपनीच्या ड्रायव्हरसाठी आणि दुसरी टॅब्लेटसारख्या ड्रायव्हर न घालता येणाऱ्या उपकरणांसाठी. दुसऱ्या स्थितीत ती क्लास कंप्लायंट होते, त्यामुळे कंपनीने उद्या ड्रायव्हर द्यायचं थांबवलं तरी केबल निकामी होत नाही. नव्याने घेणाऱ्यांची नेहमीची अडचणही हाच स्विच आहे. ड्रायव्हर न घालता तो संगणकाच्या स्थितीत ठेवला की काहीच दिसत नाही, आणि जोडलेल्या अवस्थेत सरकवला तर फरक पडत नाही. प्लग काढून, स्विच सरकवून पुन्हा लावावा लागतो. प्लगांवर कोणता कुठे लावायचा हे स्पष्ट लिहिलेलं आहे, ही सोय बाकीच्यांनी का उचलू नये कळत नाही.

दोनपेक्षा जास्त वाद्यं असतील तर अशा केबलींचा गुच्छ करू नका. एकाच जातीच्या दोन स्वस्त केबली यादीत एकाच नावाने दिसतात आणि कोणती कुठली हे विंडोज पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतं. तिथे चार किंवा आठ पोर्टांची, स्वतःचा वीजपुरवठा असलेली पेटी घ्या. आणि कोणतीही केबल घेतली तरी सिसेक्सची चाचणी परत करण्याची मुदत असेपर्यंत उरकून घ्या. नुसते सूर वाजवून पाहिलं तर ही उणीव कधीच दिसत नाही.